डेअरीतला मॉनिटर

आमच्या घरी एक जुना मॉनिटर आहे. त्यात आकाश कधी कोरं दिसत नाही. हे वाक्य मी कॉलेजात बोलले तर पोरं हसतील, म्हणून इथं लिहिते. आधी मात्र मला थोडं गेमबद्दल बोलू द्या. गेमचं वेड नसतं तर हा मॉनिटर घरात आलाच नसता. शिवाय माझी मतं शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

मी बारावी सायन्सला आहे. गावातून वडापच्या जीपनं केडगाव स्टेशन आणि तिथून डेमू रेल्वेनं दौंड, असं माझं कॉलेज. डेमूत सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये आणि मोबाइलमध्ये नुसता गोळीबार. माझं म्हणणं एवढंच की जी गेम तुम्हाला धड हरू देत नाही, ती गेमच नव्हे. आताच्या गेम जावयासारखी सरबराई करतात. मेलात? असू द्या, इथूनच उठा. जुन्या गेममध्ये तीन जीव मिळायचे. ते संपले की पहिल्यापासून सुरुवात. मध्येच सेव्ह करून ठेवायची सोय नव्हती, त्यामुळं हात आपोआप शहाणा व्हायचा. हे सांगितलं की कुणीतरी लगेच त्याचा आयुष्याशी संबंध जोडून सुविचार काढतं. कृपा करून काढू नका. गेममधलं मेलेलं पात्र परत उठतं. एवढ्या एका फरकावर तो सुविचार आडवा होतो, आणि हे मी कुठं वाचून सांगत नाही.

दुसरं मत पडद्याचं. जुनी गेम जुन्याच पडद्यावर खेळायची, मागं कुबड असलेल्या त्या जड काचेच्या पडद्यावर. ज्यांनी त्या गेम बनवल्या त्यांच्यासमोर तोच पडदा होता. त्यांनी काढलेले ठिपके त्या काचेवर एकमेकांत मिसळायचे आणि चेहरा गोल दिसायचा. आताच्या चपट्या पडद्यावर तेच चित्र लावा, गालाचे चौकोन मोजता येतात. मग लोक म्हणतात, जुन्या गेमची चित्रं किती भंगार. चित्रं भंगार नाहीत, तुम्ही बघताय ते भंगार. काही जण मोबाइलवर जुनी गेम लावून वर जुन्या पडद्यासारख्या खोट्या रेघांचं फिल्टर टाकतात. प्लॅस्टिकच्या फुलांवर अत्तर शिंपडण्यातला प्रकार आहे हा.

पण जुनं म्हणून मी सगळंच डोक्यावर घेत नाही. फ्लॉपी ही शुद्ध थट्टा होती. दौंडमध्ये बंद पडलेल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी मला त्यांचा एक जुना कॉम्प्युटर दिला, त्याबरोबर पिशवीभर फ्लॉप्या. निम्म्यांवर बुरशी आणि उरलेल्या कधी उघडायच्या, कधी नाही. कॉम्प्युटर मात्र ठणठणीत होता. तो मांडीवर घेऊन मी डेमूनं घरी आणला. समोरच्या मावशींनी विचारलं, "लगीन ठरलं का काय? रुखवतात देत्यात व्हय ह्ये?" मी म्हटलं, हो, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मॉनिटर सरांकडं नव्हता. तो मला गावातल्या दूध डेअरीत मिळाला.

आता मम्मीबद्दल सांगावं लागेल. डेअरीत दूध मोजायचं काम माझ्या मम्मीकडं होतं. सकाळी आणि संध्याकाळी लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहायचे. मम्मी प्रत्येकाचं दूध यंत्रात लावायची आणि कॉम्प्युटरवर त्याचा नंबर टाकायची. मग पडद्यावर त्याचं नाव, लिटर आणि फॅट दिसायचं. मी लहानपणी तिच्या स्टुलाशेजारी दप्तर घेऊन बसायचे. जगातला पहिला कॉम्प्युटर मी तोच पाहिला. काळा पडदा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. मला ती गेमच वाटायची, कारण मम्मी बटण दाबायची आणि समोरचं माणूस बदलायचं.

चार वर्षांपूर्वी मम्मी गेली. साधा ताप म्हणून आजारी पडली आणि घरी परत आलीच नाही. धाकटी तेव्हा दोन वर्षांची होती. पप्पा त्यानंतर डेअरीची पायरी चढले नाहीत. आमचं दूध शेजाऱ्यांच्या पोराबरोबर जातं. पुढं डेअरीत नवा चपटा पडदा आला आणि जुना मॉनिटर कॅन धुवायच्या हौदाशेजारी पडला. मला काचेचा पडदा हवाच होता. चेअरमन आप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "न्ये की पोरी. तुज्या मम्मीनंच सांभाळलाय त्यो." पप्पांनी तो घरात येताना पाहिला आणि फक्त म्हणाले, "डबडं कशाला आनलं घरात?" त्यानंतर मी तो ठेवला त्या खोलीत ते पाऊल टाकेनासे झाले.

पहिले काही दिवस मी काळ्या आकाशातली विमानांची गेम खेळत होते. सगळं छान चाललं होतं. मग एका रविवारी दुपारी उड्या मारत पुढं जायची गेम लावली. त्यात पहिल्याच टप्प्याला फिकट निळं, मोकळं आकाश आहे. त्या आकाशात मला एक आडवी रेघ दिसली. तिच्याखाली एक चौकट. काच पुसली. रेघ गेली नाही. जवळ जाऊन पाहिलं तर चौकटीत अक्षरं होती. आकाशापेक्षा जराशी काळपट, पाण्याचा डाग वाळत आल्यावर कडेनं दिसतो तशी. वरच्या ओळीत नंबर, नाव, लिटर, फॅट असं इंग्रजीत. खालच्या ओळीत मम्मीचं नाव.

मला भीती वाटली. मी वायर उपसली आणि अंगणात येऊन उभी राहिले. बाहेर लख्ख ऊन होतं. म्हशी रवंथ करत होत्या.

मी सायन्सची आहे, त्यामुळं भीती तासभर टिकली आणि मग मी विचार केला. यात भुताखेताचं काही नाही. काचेच्या आतल्या बाजूला एक मसाला असतो. तो उजळतो म्हणून चित्र दिसतं. एकाच जागी एकच अक्षर वर्षानुवर्षं उजळत राहिलं तर तेवढ्या जागेतला मसाला झिजतो आणि अक्षराचा डाग कायमचा राहतो. डेअरीतला कॉम्प्युटर कधी बंद करत नव्हते. बंद केला तर परत चालू होणार नाही, असं मेकॅनिकनं घाबरवून ठेवलं होतं. सकाळचं दूध संपलं की मम्मी तसंच शटर ओढून घरी यायची. पडद्यावर शेवटच्या माणसाची ओळ संध्याकाळपर्यंत तशीच. संध्याकाळी शेवटी आलेल्याची ओळ रात्रभर तशीच.

आणि शेवटचं दूध रोज आमचं असायचं. मोजणारीनं स्वतःचं दूध आधी लावलं तर रांगेतले कुरकुरतात, म्हणून मम्मी आमची किटली बाजूला ठेवायची आणि सगळे गेल्यावर लावायची. धारा तीच काढायची, म्हणून खातंही तिच्याच नावावर होतं. म्हणजे इतकी वर्षं, बंद शटरच्या आत, कुणी बघायला नसताना, पडद्यावर तिचंच नाव लागलेलं असायचं.

हे कळल्यावर माझं खेळणं बिघडलं. मी पहिल्या टप्प्याच्या पुढं जाईनाच. त्या गेमला घड्याळ नाही. मी पात्राला आकाशाखाली आणून उभं करायचे आणि बटणावरून हात काढून घ्यायचे. माणूस मेलं की त्याचं नाव किती ठिकाणांहून काढावं लागतं, हे मी तोवर पाहिलं होतं. रेशनकार्डावरून काढलं. मतदार यादीतून काढलं. डेअरीचं खातं पप्पांच्या नावावर झालं. डेअरीचा कागद तेवढा घरी आला, बाकी सगळीकडं पप्पा मुकाट्यानं सह्या करून आले. एवढी एकच जागा राहिली होती जिथून ते कुणाला काढता येत नव्हतं.

मग माझ्या लक्षात आलं की ते मी काढतेय. पडदा लावला की बाकीचा मसालाही झिजतो. नावाभोवतीचं आकाश जितकं लावून ठेवीन तितकं तेही काळवंडत जाईल, आणि एक दिवस नाव आणि आकाश सारखंच दिसेल. बघितलं की पुसट होणार, आणि बघितल्याशिवाय मला राहवत नव्हतं. मी मॉनिटरवर मम्मीचा एक जुना टॉवेल टाकला. दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी डेमूतून उतरल्यापासून मला तेच एक दिसत होतं. घरी आले, दप्तर फेकलं आणि टॉवेल काढला.

धाकटीला मी त्या खोलीत येऊ देत नव्हते. ती दाराशी उभी राहून विचारायची, "ताई, ह्यो मानूस पळत का न्हाई?" मी सांगायचे, दमलाय.

यंदा ती पहिलीत गेली. त्यांच्या बाई पोरांना उभं करून स्वतःची ओळख सांगायला लावतात. माझं नाव अमुक, माझ्या वडलांचं नाव अमुक, माझ्या आईचं नाव अमुक. शनिवारी मी तिला आणायला गेले तर बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "अगं, तुझी बहीण आईचं नाव म्हणून तुझं नाव सांगते. मी दोनदा विचारलं. ठामपणे सांगते."

रस्त्यात मी तिला म्हटलं, "माझं नाव का सांगितलंस?"

"मंग मम्मीचं त्येच नाव हाय ना," ती म्हणाली. "समदी म्हंत्यात की."

तिची चूक नव्हती. आमच्याकडं बायकोचं नाव घेत नाहीत. पप्पांना मम्मीला बोलवायचं असलं की ते माझ्या नावानं हाक मारायचे, आणि मम्मी ओ द्यायची. मला बोलवायचं असलं तरी हाक तीच. कुठली कुणासाठी आहे ते आम्हा दोघींना आवाजावरून कळायचं. पाहुणे आजही मम्मीचा विषय काढतात तेव्हा माझ्या नावापुढं 'ची मम्मी' लावतात. मी तिला मम्मी म्हणते. धाकटीच्या कानावर ते नाव पडणार कुठून? पप्पांची ती दुसरी, मम्मीसाठीची हाक मम्मी गेल्यावरही अधूनमधून येते, गोठ्यातून, संध्याकाळी, पहिल्यासारखी. कुणासाठी आहे ते मला कळतं. तरी मीच ओ देते.

मला रडू आलं आणि रागही आला. धाकटीच्या डोक्यात मम्मीचा चेहरा नव्हताच. आता नावाच्या जागी मी बसले होते. असंच चाललं तर काही वर्षांनी मम्मी नावाचं कुणी होतं हे फक्त मला आणि एका डबड्याला माहीत असणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला खोलीत बोलावलं आणि माझ्या खुर्चीत बसवलं. गेम लावली नाही. कोरं पांढरं पान उघडलं, म्हणजे अक्षरं जास्तीत जास्त उठून दिसतील. पडदा एवढा उजळ मी कधीच लावला नव्हता. किती झिजला असेल त्याचा हिशोब त्या दिवशी केला नाही. धाकटीला इंग्रजी मोठी अक्षरं येतात. तिनं बोट टेकवून एकेक अक्षर मोठ्यानं म्हटलं. सगळी बरोबर आली. जोडता मात्र येईना.

"काय झालं ह्याचं, ताई?"

मला सांगायचं होतं. पण ते नाव मी आजवर फक्त फॉर्मवर लिहिलेलं. तोंडानं उच्चारायची वेळच आली नव्हती. आईला कोण नावानं हाक मारतं? मी नुसतं त्या अक्षरांखालून बोट फिरवलं. तेवढ्यात दारातून कुणीतरी ते नाव म्हटलं, पेपरात वाचून दाखवावं तसं, सावकाश.

पप्पा उंबऱ्याच्या बाहेर उभे होते. हातात रिकामी किटली. त्यांची नजर पडद्यावर होती. त्यांच्या तोंडून मी ते नाव पहिल्यांदा ऐकलं.

"मम्मीचं नाव हाय त्ये," ते धाकटीला म्हणाले.

"तुमी तर कदीच म्हनला न्हाई."

"न्हाई म्हनलो," पप्पा म्हणाले. "ऱ्हाऊन गेलं."

धाकटीनं ते नाव म्हणून पाहिलं. मग परत म्हटलं. नवा शब्द मिळाला की ती तो दिवसभर सोडत नाही. खुर्चीवरून उतरून ती पळतच अंगणात गेली. गोठ्यापाशी जाऊन, पप्पा मला हाक मारतात त्याच चालीत, तिनं मम्मीला तिच्या नावानं लांबलचक हाक मारली.

माझ्या नावाची हाक असती तर मी सवयीनं ओ दिली असती. या हाकेला मला ओ देता येत नव्हती. धाकटीनं पुन्हा हाक मारली. पप्पा अंगणाकडं तोंड करून थांबले होते. मीही हलले नाही. आम्ही दोघंही वाट बघत होतो.