पावती न मागितलेला सत्कार

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते बेंबळी गावातल्या आमच्या शेजारच्या चाचांचे. ते साखर कारखान्यात पॅनमन होते. ज्या मोठ्या भांड्यात उसाचा रस आटवून साखरेचा दाणा धरतात, त्या भांड्यावर त्यांची ड्यूटी असायची. केमिकल इंजिनिअर नावाचा माणूस आमच्या गल्लीत फक्त त्यांनीच जवळून पाहिला होता, आणि त्यांचं ऐकून मलाही तेच व्हायचं होतं.

बारावीनंतर सीईटीत मला बरे गुण पडले आणि आठवड्याच्या आत एका खासगी कॉलेजचे दोन सर गाडी घेऊन गावात आले. त्यांनी शाळेच्या पटांगणात माझा आणि वडिलांचा सत्कार केला. वडिलांच्या डोक्याला लग्नानंतर पहिल्यांदाच फेटा बांधला गेला. चहा झाल्यावर एक सर म्हणाले, "मूळ कागदपत्रं द्या. पडताळणी करून दोन दिवसांत परत पाठवतो." वडिलांनी दाखला, गुणपत्रिका, सगळी फाईल उचलून दिली. पावती मागितली नाही. ज्यानं फेटा बांधला त्याच्याकडं पावती मागणं म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखंच, असं आमच्याकडं समजतात.

दोन दिवसांचे बारा झाले. सरकारी प्रवेशफेरीत कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची मुदत संपत आली होती, आणि मूळ कागदांशिवाय दुसरीकडं कुठंच प्रवेश पक्का होणार नव्हता. फोन केला की तिकडून एकच उत्तर यायचं, "काळजी कशाला करता? तुमची सीट आपल्याकडं पक्की आहे." मी त्यांच्याकडं सीट मागितलीच नव्हती.

चाचांच्या कानावर गेलं तेव्हा ते वडिलांना म्हणाले, "भाऊ, फेटा डोक्याला बांधला होता का डोळ्याला?"

वडील चिडले. "शिकलेली मान्सं हायेत ती. आपल्यासारखी न्हायत."

"म्हणूनच तर भ्या वाटतंय."

दुसऱ्या दिवशी चाचा मला घेऊन त्या कॉलेजला निघाले. पण तोवर मला कुणाचाच भरवसा वाटेनासा झाला होता, चाचांचाही. त्यांचा भाचा दुसऱ्या एका खासगी कॉलेजात क्लार्क होता. "चाचा तुला तिकडंच घालणार बघ," असं चौकात एकानं माझ्या कानात घातलं होतं.

कॉलेजात सरांनी आम्हाला एसीचा हॉल दाखवला, जिम दाखवली. चाचा म्हणाले, "केमिकलची लॅब दावा." किल्ली सापडायला अर्धा तास लागला. आत ऊर्ध्वपातनाचा उंच स्तंभ चकाचक उभा होता. चाचांनी वाकून व्हॉल्व्हच्या चाकांवरून हात फिरवला.

"हे कधी बसवलं?"

"झाली की पाच वर्षं."

"आन् चाकाचा रंग तसाच? आमच्याकडं एका हंगामात लोखंड उघडं पडतं. हे कुणी फिरवलंच न्हाय, बेटा."

सर हसले. "चाचा, आता सगळं कॉम्प्युटरवर असतं."

"व्हय? मग हे कशाला ठिवलंय? सत्काराला?"

बाहेर भिंतीवर नोकरी लागलेल्या मुलांचे फोटो होते. केमिकलची मुलं कुठं लागली, असं मी विचारलं. सर म्हणाले, "बँकेत, सॉफ्टवेअरमध्ये. स्कोप खूप आहे." चार वर्षं केमिकल शिकून बँकेत जायचं, तर शिकायचं तरी कशाला?

फाईल मागितली तर ती मुख्य कार्यालयात आहे, सोमवारी या, असं सांगितलं. सोमवारी मुदत संपलेली असणार होती. चाचांनी एक खुर्ची ओढली आणि प्रवेश कक्षाच्या दारातच बसले. "बसतो मी. दाणा धरायला येळ लागतोच." आत जाणारा प्रत्येक पालक त्यांना विचारायचा आणि ते मोठ्यानं सांगायचे, "पोराचे कागद अडकलेत, ते न्यायला आलोय." चौथा पालक दारातूनच परत फिरला, तेव्हा फाईल समोरच्याच कपाटातून निघाली.

चाचांनी ती आपल्या पिशवीत घातली. एसटीत बसल्यावरही ती त्यांच्याच मांडीवर. मला राहवेना.

"चाचा, फाईल माझ्याकडं द्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि फाईल दिली. "मोजून घे," म्हणाले.

मी खरंच मोजले. एकेक कागद, त्यांच्यासमोर. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

संध्याकाळी आम्ही नेट कॅफेत पसंतीक्रम भरला. पहिल्या ओळीवर सरकारी कॉलेज टाकलं. भाच्याच्या कॉलेजचं नाव चाचा आता काढतील, मग काढतील, म्हणून मी वाट बघत होतो. अर्ज भरून झाला, तरी ते नाव आलं नाही. दुसऱ्या फेरीत मला सरकारी कॉलेज मिळालं. शेवटच्या वर्षाला असताना हॉस्टेलवरून मी त्यांना हे पत्र पाठवलं:

"चाचा, सलाम.

फोनवर बोलायला जीभ रेटत नाही म्हणून लिहितोय. त्या दिवशी एसटीत मी कागद मोजले ते तुम्ही म्हणालात म्हणून नव्हे. तुम्ही मला भाच्याच्या कॉलेजात घालणार, असं माझ्या मनात होतं. तुम्हाला ते तेव्हाच कळलं असणार. तरी ईदला मी गावी नसलो तर माझ्या वाटचा शिरखुर्मा तुम्ही आईकडं पोचवता. मला माफ करा.

नोकरीचं अजून नक्की नाही. वर्गातल्या बऱ्याच मुलांना बोलावणंच आलेलं नाही. मला एका रसायन कारखान्याचं पत्र आलंय. वडील म्हणतात, लगेच हो म्हण. पत्रात फार गोड लिहिलंय, म्हणून मला शंका येते. होकार द्यायच्या आधी कारखाना डोळ्यानं बघून यावा म्हणतो. तुमचे गुडघे बरे असतील तर पुढच्या आठवड्यात माझ्यासोबत याल का? गेटवर आत सोडलं नाही, तर पाळी सुटेपर्यंत बाहेर चहाच्या टपरीवर थांबू आणि कामगारांनाच विचारू."