आज भांग हाय

तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पाणी पूर्ण भरणार. पंचमीला पावणेचार. हे मला सांगितलं ते माझ्या ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या वडिलांनी, तारोडीला, समुद्रकाठच्या त्यांच्या गावी, ओटीवर बसून. मी त्यांना काका म्हणायचो. पन्नास वर्षं त्यांनी होडी चालवली होती आणि घड्याळ कधी बांधलं नव्हतं.

आकडा दिसला की मला स्वस्थ बसवत नाही. घरी येऊन मी छापील भरती-ओहोटीचं कोष्टक मिळवलं आणि महिनाभर काकांचा हिशेब त्याच्याशी ताडून पाहिला. सगळ्यात मोठी चूक तासाच्या आत होती. पुढच्या रविवारी हे त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "आन् कोष्टक चुकलं आसंल तर?"

त्याच दिवशी मी त्यांना विचारलं होतं, आज होडी का नाही गेली? ते म्हणाले, "आज न्हाय. आज भांग हाय."

मी म्हटलं, "काका, सकाळी सकाळी?"

ओटीवर जाळी दुरुस्त करत बसलेली चार माणसं एवढी हसली की एकाच्या हातातली सुई खाली पडली. काकांनी माझ्याकडे लहान मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. "तलाठी, भांग म्हंजे प्यायचा न्हाय. पान्याला वढ न्हाय, म्हनून भांग." मी सगळं वहीत टिपून घ्यायचो म्हणून त्यांनी मला तलाठी ठरवलं होतं. अमावास्या-पौर्णिमेला पाण्याला जोर असतो ते उधाण. अष्टमी-नवमीच्या आसपास भरती धड चढत नाही, ओहोटी धड उतरत नाही, ते दिवस भांगाचे. त्या दिवसांत माणसं किनाऱ्यावर बसून जाळी नीट करतात.

काकांचा हिशेब टिपायला त्या दिवशी फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं, त्यात हे हसणंही आलं. त्या रविवारपासून मी त्यांचे शब्द रेकॉर्ड करायला लागलो. वाऱ्यांची नावं, जाळ्याच्या भागांची, पाण्याच्या रंगांची. तीन वर्षांत एकशे शहाऐंशी शब्द झाले. प्रत्येक शब्द काकांच्या आवाजात, त्यांच्या शिव्या-खोकल्यासकट.

हे सगळं लोकांना ऐकता यावं म्हणून मी एक छोटी वेबसाइट केली. पहिल्यांदा स्वस्तातली जागा घेतली. तिथे आवाज अडखळत वाजायचा, आणि तिथीवरून रोजची भरती काढणारा माझा छोटा प्रोग्रॅम तर चालवूच देत नव्हते. मुलगी बेंगळुरूला याच क्षेत्रात नोकरी करते. तिला फोन केला.

"पप्पा, तुम्ही चाळीत राहताय," ती म्हणाली. "एक नळ, चाळीस बिऱ्हाडं. शेजाऱ्याने बादली लावली की तुमचं पाणी गेलं. व्हीपीएस घ्या. व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर. मशीन मोठं एकच असतं, पण त्यात तुमचा वेगळा ब्लॉक. तुमचा नळ, तुमची कडी."

"आणि बिघडलं काही तर?"

"फ्लॅटमधला पंखा बिघडला तर सोसायटी येते का? तुमचं तुम्ही बघायचं."

हे मला लगेच पटलं. परळच्या चाळीतून केबिन रोडजवळच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा माझ्या वडिलांनी आधी दाराची कडी तीनदा लावून पाहिली होती. मीही तेच केलं. सर्व्हरचा पासवर्ड लांबलचक ठेवला, नको ती दारं बंद केली. रोज सकाळी सात वाजता सगळ्या फाइलींची दुसरी प्रत आपोआप निघेल अशी सोय केली. चहा घेताना मी ती प्रत निघाली का ते पाहायचो. इकडे एकशे शहाऐंशी, तिकडे एकशे शहाऐंशी. आकडे जुळले की समाधान व्हायचं. ज्या फोनवर मुळात रेकॉर्ड केलं होतं तो जुना झाला होता, तो देऊन नवा घेतला.

गेल्या वर्षी काकांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना समजतं सगळं, पण शब्द निघत नाही. सहकारी एकदा डब्याच्या वेळी म्हणाला, "बायको दुपारी तुझी साइट लावते. बाबा ऐकत बसतात. स्वतःचंच."

त्यानंतर काही महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी साडेआठला, आकडे जुळवायला गेलो तर साइटच उघडेना. ईमेल पाहिली. होस्टिंग कंपनीचा निरोप होता: तुमच्या सर्व्हरवरून अमली पदार्थांची जाहिरात होत असल्याचं आढळलं, सर्व्हर थांबवला आहे, अठ्ठेचाळीस तासांत समाधानकारक खुलासा आला नाही तर तो आतल्या सगळ्यासकट काढून टाकण्यात येईल. खाली माझ्या एका पानाचा पत्ता आणि त्यावरचा मजकूर होता. भांग.

तो मजकूर मी भाषांतराच्या ॲपमध्ये घालून पाहिला आणि हसावं की रडावं कळेना. मागच्या भांगाच्या दिवसांत मी लिहिलं होतं: "आज भांग आहे. उद्या आणि परवाही भांग. भांगात सकाळी मंडळी तारोडीच्या किनाऱ्यावर बसलेली असतात. भेटायचं असल्यास फोन करावा." खाली त्या महिन्यातल्या भांगाच्या तारखा आणि सहकाऱ्याचा नंबर. ॲपने त्याचं इंग्रजी केलं ते कुठल्याही पोलिसाला पुरेसं होतं. माल, तारखा, ठिकाण, संपर्क.

रागावणार तरी कोणावर? मी स्वतः त्या ओटीवर हेच समजलो होतो, आणि मी तर मराठी आहे.

मुलीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बॅकअप आहे ना?"

"आहे. रोज सातला निघतो. कालचाही आहे."

"कुठे?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि उत्तर माझं मलाच ऐकू आलं. त्याच सर्व्हरवर. शेजारच्या फोल्डरमध्ये.

"पप्पा," ती हळू आवाजात म्हणाली, "घराची दुसरी चावी कोणी त्याच घरात ठेवतं का?"

इतकी वर्षं ऑफिसात मी लोकांच्या नोंदी तपासतोय. बेरजेत एकाचा फरक पडला तरी कागद परत पाठवतो. आणि दोन वर्षं रोज सकाळी मी एकच कपाट दोनदा मोजत होतो. काकांचा आवाज आता दुसरीकडे कुठेही नव्हता, आणि ते परत बोलणार नव्हते.

निरोपावरची वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेनुसार पावणेतीनची होती. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली सव्वाआठची. म्हणजे मुदत गुरुवारी सकाळी सव्वाआठपर्यंत. मी ऑफिसला सुट्टी टाकली आणि खुलासा लिहिला. त्यात काकांचं वय, आजारपण, हे आवाज पुन्हा मिळणार नाहीत, सगळं मनापासून लिहिलं. दुपारी उत्तर आलं. तोच सकाळचा मजकूर, एका शब्दाचाही फरक नाही.

मुलीला वाचून दाखवलं. "हे रडगाणं कशाला? रोज त्यांना असे पन्नास जण लिहीत असतील. तुम्हाला जे येतं ते करा ना."

मला कोष्टक येतं. तेच केलं. प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा ओळी. पहिल्या रकान्यात तिथी, दुसऱ्यात पाऊणपटीने येणारी भरतीची वेळ, तिसऱ्यात छापील कोष्टकातली वेळ, चौथ्यात भरती आणि ओहोटीच्या पाण्यातलं अंतर. पौर्णिमेला ते अंतर चार मीटरच्या पुढे होतं, अष्टमी-नवमीला त्याच्या निम्म्याहून कमी. ज्या ओळींत अंतर सगळ्यात कमी, त्याच तारखा माझ्या पानावर "भांग" म्हणून होत्या. त्या ओळी पिवळ्या केल्या. शेवटी लिहिलं, की या किनाऱ्यावर मंद भरतीला भांग म्हणतात, दुसऱ्या अर्थाची भांग चंद्राच्या कलेप्रमाणे कमी-जास्त होत नाही. आणि पाऊणपटीचा हिशेब तासभर इकडेतिकडे होऊ शकतो, हेही लिहिलं. ते न लिहिता पाठवणं मला जमलं नसतं.

बुधवारी दिवसभर काही आलं नाही. मी ऑफिसला गेलो. सहकारी समोरच्या टेबलावर बसलेला, आणि मी त्याला यातलं काही सांगितलं नाही. आदल्या दिवशी कुठे होतो विचारलं तर "पोट बिघडलं होतं" म्हणालो.

बुधवारी संध्याकाळी दोन ओळी आल्या. सर्व्हर सुरू केला आहे. गैरसमज टाळण्यासाठी त्या पानाचं नाव बदलावं, अशी सूचना आहे.

मी आधी सगळ्या फाइली घरच्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, मग तीन पेन ड्राइव्हवर. एकशे शहाऐंशी, चार ठिकाणी. नाव मात्र बदललं नाही. काकांचा शब्द बदलून मग साइट ठेवायची कशासाठी? नावाखाली एक ओळ वाढवली, त्यांचीच: "भांग म्हंजे प्यायचा न्हाय." त्याखाली सरळ इंग्रजीत, कोणालाही कळेल असं, की ही मंद भरती आहे. कंपनीकडून पुन्हा काही आलं नाही.

रविवारी स्कूटर काढून तारोडीला गेलो. एक पेन ड्राइव्ह घरातल्यांसाठी नेला होता. सहकारी बाजारात गेलेला, घरी वहिनी आणि काका. वहिनींना मी सगळं सांगितलं. पोट बिघडलं नव्हतं हेही सांगितलं. "वहिनी, दोन दिवस काकांचा आवाज जवळजवळ गेलाच होता. चूक कंपनीची कमी, माझी जास्त. तुम्ही घरात सांगा, नाहीतर मी सांगतो."

त्यांनी पेन ड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला. "आता हाय ना?"

"आहे."

"मंग झालं. च्या ठेवते. तुमच्या दोस्ताला तुमीच सांगा, तो मला इचारून इचारून सोडनार न्हाय."

काका खिडकीजवळ खुर्चीत होते. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून मी तो शब्द वाजवला. ओटीवरचं ते हसणं, सुई पडल्याचा आवाज नाही पण कोणीतरी "सुई बघ रे" म्हणालेलं, आणि मग काकांचा खणखणीत आवाज: तलाठी, भांग म्हंजे प्यायचा न्हाय.

मी त्यांना सांगितलं, की काका, परदेशातल्या कंपनीलाही तेच वाटलं, जे मला वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चालणारा डावा हात उचलला, मूठ पेल्यासारखी वळवली, ओठांशी नेऊन रिकामी केली आणि एक बोट माझ्याकडे रोखलं. तोंडाची एक बाजू हसली.

वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा मी वही काढून तारीख आणि तिथी लिहीत होतो. नवमी होती.