गोधड्यांच्या दुकानातला बंद रकाना

एका गुलाबी हँडबिलामुळं ही केस माझ्या डोक्यातून जात नाही. माजी पोलीस अधिकारी म्हटलं की लोक पांढरे केस शोधतात. माझे अजून काळे आहेत. काही वर्षं फौजदारकी केली आणि राजीनामा देऊन बाहेर पडले. आता कॉलेजात असताना करायचे तेच पुन्हा करते. पाण्याच्या प्रश्नावर पत्रकं छापते आणि क्रांती चौकात उभी राहून वाटते. पत्रक हातात घेणारा माणूस ते वाचतो की पुढच्या कचराकुंडीत टाकतो, हे त्याच्या चालण्यावरून ओळखता येतं. ही विद्या खात्यात कुणी शिकवली नाही, पण एकदा फार उपयोगी पडली.

दुष्काळाचं वर्ष होतं. शहर बिडकीनच्या दिशेनं पसरत होतं. नवे रस्ते, नवे फ्लॅट, कमानीवर रोषणाई, आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी. ठाण्यात येणाऱ्या निम्म्या तक्रारी पाण्याच्याच असायच्या. टँकरवरून मारामारी, गच्चीवरच्या ड्रमची चोरी, मोटर लावली म्हणून शेजाऱ्याचं फोडलेलं डोकं. त्या गर्दीत एक मिसिंग दाखल झाली. मुलगी सज्ञान, पदवी झालेली, शहागंजच्या मागच्या बाजूला राहणारी. घराणं पूर्वी भिक्षुकीचं, नंतर कारकुनीचं. वडील एका कचेरीत नोकरीला.

आई गोधड्या शिवायची. जुन्या साड्यांचे थर, वर बारीक धावदोरा. मुलीनं आईच्या गोधड्यांचं ऑनलाइन दुकान काढलं होतं आणि ते बरं चाललं होतं. वडील त्याला 'चिंध्यांचा धंदा' म्हणायचे. तक्रार देतानाही ते हाच शब्द वापरत होते, आणि शेजारी बसलेली आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

नेहमीचं सगळं केलं. फोटो सगळ्या ठाण्यांना पाठवला, फोनचा सीडीआर, म्हणजे कॉलची यादी, मागवला. फोन निघाल्या दिवसापासून बंद होता. बसस्थानकावर विचारपूस झाली. दोन महिने गेले आणि फाईल इतर फायलींखाली सरकली. आई मात्र येत राहिली. ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी उभी राहायची, बस म्हटलं तरी बसायची नाही. एकदा मला म्हणाली, "मॅडम, तिला परत आणा असं मी म्हणत नाही. ती जेवते का, एवढंच कळू द्या."

मग टीप आली. निनावी फोन. त्या माणसानं सांगितलं की मुलगी गायब झाली त्या दिवशी एका मुलाच्या स्कूटरवर क्रांती चौकात दिसली होती. त्यानं मुलाचं नाव नंतर सांगितलं, जात आधी. हा मुलगा म्हणजे दुकानाची पार्सलं बांधणारा, बिडकीनकडच्या बौद्ध कुटुंबातला. वडिलांना हे कळलं आणि त्यांचा सगळा चेहरा मोकळा झाला. शोध लागल्यासारखा. मी म्हटलं, मुलगी सज्ञान आहे, आधी चौकशी होऊ द्या. ते म्हणाले, "कायदा मला शिकवू नका. पळवलीय, एवढं लिहून घ्या."

आमचे साहेबही त्याच वळणाचे. मुलाला चौकशीला आणलं, समोर बसवलं, आणि प्रश्न एकच: कुणाबरोबर गेली? मुलगा म्हणाला, मी चौकात सोडलं, पुढं एकटी गेली. साहेबांनी तोच प्रश्न आवाज चढवून विचारला. उत्तर तेच. तिसऱ्यांदा विचारताना साहेबांनी खुर्ची मागं सारली, तेव्हा मी म्हटलं, मला थोडा वेळ द्या. साहेब चहाला गेले. जाताना म्हणाले, "घ्या, तुमच्या पत्रकातले प्रश्न विचारा."

संताप त्या मुलाला आला असता तर मला बरं वाटलं असतं. तो आलेला नव्हता. आपल्याशी असंच वागणार हे त्याला दारातून आत येतानाच ठाऊक होतं, आणि मला त्याचाच राग आला.

मी विचारलं, "तिच्याकडं सामान काय होतं?"

तो पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलला. "एक कपड्याची बॅग. अन् एक लई जड पिशवी. म्या म्हन्लं, काय दगडं भरली का? म्हन्ली, हँडबिलं हायेत, प्रदर्शनात वाटायचीत. म्या म्हन्लं, येवढं वझं कशाला? तर म्हन्ली, पाण्याच्या हंड्यापेक्षा हलकंच आहे."

"कुठं निघाली ते विचारलं नाही?"

"नाय." त्यानं बोटाला चिकटलेली पार्सलची टेप खरवडली. "इचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मंग मला 'नको जाऊ' म्हनावं लागलं असतं."

यावर मी काहीच लिहून घेतलं नाही. जबाबात त्याला जागा नसते.

पण पिशवी माझ्या डोक्यात अडकली. घर सोडून निघालेलं माणूस दागिने नेतं, कागदपत्रं नेतं. छापील कागदाचं ओझं कोण नेतं? ज्याला ते वाटायचंय तोच. आमच्या चळवळीत आम्ही प्रत्येक वस्तीसाठी वेगळ्या रंगाचा कागद घ्यायचो. सभेला माणसं हातात पत्रक घेऊन यायची आणि रंगावरून कळायचं की कुठली वस्ती जागी झाली. मी त्या मुलाला विचारलं, हँडबिल वाचून कुणी ऑर्डर दिली तर तुम्हाला कळायचं कसं? तो म्हणाला, हँडबिलावर तो चौकोनी कोड छापलाय, तो मोबाइलनं टिपला की दुकान उघडतं. व्हॉट्सॲपवरनं आलेलं गिऱ्हाईक वेगळं, इन्स्टावरनं वेगळं, हँडबिलावरनं वेगळं, अशी नोंद तिनं लावून ठेवली होती. "पर मला फकस्त नाव अन् पत्ता दिसतो. बाकीचं तीच बघायची."

मी तडक शहागंजला गेले. वडील कचेरीत होते. काकूंनी, म्हणजे तिच्या आईनं, लेकीचा जुना लॅपटॉप समोर ठेवला. दुकानाचं ॲडमिनचं पान उघडंच होतं. लेक गेल्यापासून ते बंद करायची त्यांची छाती झाली नव्हती. ऑर्डरींचा तक्ता तारखेप्रमाणे लागलेला. नाव, पत्ता, गोधडीचा आकार, पाठवली की नाही. काकूंना तेवढंच वाचता यायचं आणि तेवढ्यावर त्या शिवत होत्या. मी कोपऱ्यातलं रकान्यांचं बटण दाबलं. लपलेल्या रकान्यांत एक होता, मार्केटिंग चॅनल. त्यावर खूण केली. तक्त्यात नवी पट्टी उमटली आणि प्रत्येक ऑर्डर कुठल्या वाटेनं आली ते दिसू लागलं. मग फक्त 'हँडबिल' निवडलं.

लेक जाण्याआधीच्या ऑर्डरी आमच्याच शहरातल्या, प्रदर्शनाच्या दिवसांतल्या. गेल्यानंतरच्या सगळ्या कोल्हापूरच्या. एकाच भागातल्या, दर आठवड्याला एखादी, कालपर्यंत.

हँडबिलं आपोआप वाटली जात नाहीत. कुणीतरी उभं राहून ती हातात द्यावी लागतात.

काकू माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांना समजवावं लागलं नाही. त्या म्हणाल्या, "कोल्हापूर. मी म्हणायचे, तिकडं एवढ्या गोधड्या कशाला लागतात?" मग बराच वेळ त्या पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ खाली जात राहिल्या. बाहेर सायकलची घंटा वाजली तशा दचकल्या.

"मॅडम, हा रकाना बंद करता येतो का? हे आल्यावर बघतात."

मी खूण काढली. पट्टी नाहीशी झाली, तक्ता पुन्हा तारखेप्रमाणे साधा दिसू लागला.

"आता उघडायचा कसा, तेवढं शिकवून ठेवा."

मी शिकवलं. त्यांनी दोनदा स्वतः करून पाहिलं.

महिला शिपायाला बरोबर घेऊन मी कोल्हापूरला गेले. एका गिऱ्हाईक बाईंना हँडबिल कुठं मिळालं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, लग्नपत्रिका छापून आणल्या त्या गठ्ठ्यात होतं. छापखाना दोन गल्ल्या पलीकडं. मुलगी संगणकावर पत्रिकेचा मजकूर लावत बसली होती. आम्हाला बघून उठली नाही. हातातलं काम संपवलं, मग म्हणाली, "चला, कुठं बसायचं?"

जबाब साधा होता. इथं तिला काम मिळत होतं. तिनं घरी विचारलं होतं, आणि वडील म्हणाले होते की लग्नानंतर नवऱ्याला विचार. स्थळ ठरत आलं होतं. हे वडिलांनी ठाण्यात एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मुलगी महिला वसतिगृहात राहत होती आणि मालकाची परवानगी घेऊन प्रत्येक गठ्ठ्यात आईचं एक गुलाबी हँडबिल सरकवत होती.

"इथं नळाला रोज पाणी येतं, मॅडम," ती म्हणाली. "पहिले काही दिवस मी उगीचच बादल्या भरून ठेवायचे. मुली हसायच्या."

सही करताना ती थांबली. पत्ता घरी देऊ नका म्हणाली. "आईला तर मुळीच नको. तिच्या पोटात काही राहत नाही. बाबांनी एकदा डोळे वटारले की सगळं सांगून टाकते."

मी तिला सांगितलं की आईला कळून चुकलंय. रकाना आईसमोरच उघडला आणि आईनंच तो बंद करायला लावला.

पेन तिच्या हातातच राहिलं. ती म्हणाली, "परवा एक बाई गोधडी दाखवायला घेऊन आल्या होत्या. काठ निळ्या दोऱ्याचा. आई कधी निळा वापरत नव्हती. मी त्यांना म्हटलं, जरा हातात देता का? त्यांना वाटलं, मला विकत घ्यायचीय." मग तिनं सही केली. निघताना मुलासाठी निरोप दिला: ओझं उचलून दिलंस, ते कामाला आलं.

निरोप ऐकून तो मुलगा एवढंच म्हणाला, "बरी हाय ना?" मी हो म्हटलं. त्याच्याविरुद्ध काही नव्हतंच, कागदोपत्री तसं लिहून त्याला मोकळं केलं. फोन करणाऱ्या निनावी माणसाला कुणीच काही विचारलं नाही. त्याला विचारायची आपल्याकडं पद्धत नाही.

मुलगी सापडली, सुखरूप आहे, स्वखुशीनं राहते, पत्ता देण्यास नकार. हे मी वडिलांना त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "कुणाबरोबर?"

"एकटी."

ते खाली बसले. कुणाचं नाव घेतलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. वडील, साहेब, फोनवरचा माणूस, सगळे एकच प्रश्न विचारत होते. तिला काय हवं होतं, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. खात्यात असताना आणि बाहेर पडल्यावरही, कुठलीही हरवलेली बाई समोर आली की मी आधी हा दुसरा प्रश्न विचारते. या केसनं मला शिकवलं ते एवढंच.

मी उठले तेव्हा काकू लॅपटॉपपाशी होत्या. वडिलांना काहीतरी बोलायचं असावं, पण जुन्याच सवयीनं त्यांनी विचारलं, "आज काही आलंय का त्या चिंध्यांचं?"

"दोन," काकू म्हणाल्या.

"कुठून?"

काकूंनी सुईत निळा दोरा ओवला. "अशाच," त्या म्हणाल्या, "इकडून तिकडून."