बारीक गोळीचं हरीण

शिकारीच्या हंगामातल्या पहिल्या सोमवारी आर्डिथ रायगलच्या शेडपुढे दुपारपासून पिकअप गाड्यांची रांग लागायची. पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या त्या खोऱ्यात या दिवशी शाळासुद्धा बंद, मग बाकीच्यांचं काय विचारता! नारिंगी कोट घातलेले बाप्ये आपापलं हरीण उतरवायचे, आढ्याच्या आकड्याला टांगायचे, आणि आर्डिथ सोलायला घेईपर्यंत बिअरचे कॅन हातात धरून तिथंच गप्पा छाटत उभे राहायचे. आर्डिथ साठीची. मनगटं जाडजूड आणि तोंड फटकळ. कुणी हरणाच्या पोटात गोळी घालून मांस नासवून आणलं, की ती सगळ्यांदेखत त्या शिकाऱ्यालाच असं सोलायची, की हरणाची दया येण्याऐवजी त्याची यावी.

गप्पांचा विषय वर्षानुवर्षं एकच. हरीण मारायला कुठली गोळी लागते? अख्खं खोरं जाड गोळीवाल्यांचं आणि बारीक गोळीची बाजू घेणारी आर्डिथ एकटी.

"अगं, खारी मारायची बंदूक ती," हार्लन म्हणायचा. "नाहीतर बायकापोरांनी डबे फोडायची. हरणाला गुदगुल्या होतील तिनं."

"गोळी कुठं लागते ते बघायचं असतं, केवढी आहे ते नाही," आर्डिथ सुरी परजत म्हणायची. "तुझ्या तोफेनं काय होतं ते मला विचार. खांद्याचं निम्मं मांस मी कुत्र्यांना घालते."

हसायचे सगळे. हार्लन सगळ्यात मोठ्यानं. हा हार्लन आर्डिथच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बहीण बिचारी गेली कधीच, हा मेला मात्र धडधाकट.

आता या बाईचा त्याच्यावर एवढा दात का, ते ऐका. आर्डिथ विशीत होती तेव्हाची गोष्ट. बापानं तिला हौसेनं बारीक गोळीची रायफल घेऊन दिली. हलकी, खांद्याला फार लाथ न मारणारी. डोंगरावरच्या त्याच्या कॅम्पमध्ये, म्हणजे शिकारीच्या लाकडी खोलीत, तोवर कुणी बाई गेली नव्हती. बाप सगळ्यांना सांगत सुटला होता, माझी पोरगी येणार म्हणून. आणि पहिल्याच सकाळी तिच्यापुढे आठ टोकांच्या शिंगांचा नर येऊन उभा राहिला. तिनं श्वास रोखला, पुढच्या पायाच्या मागे नेम धरला आणि चाप ओढला. हरणानं एक उडी मारली आणि झाडीत दिसेनासं झालं. त्या वर्षी बर्फ नव्हतं. वाळक्या पानांवर रक्ताचा एक ठिपका सापडेना.

बारीक गोळीची हीच तर गंमत आहे. ती आत शिरते आणि बऱ्याचदा आतच राहते. पलीकडून भोक पडत नाही, त्यामुळे सगळं रक्त छातीतच साठतं. फुप्फुसं फाटलेलं हरीणसुद्धा चांगलं टेकाडापलीकडे पळतं आणि मग पडतं. इकडे शिकारी कपाळावर हात मारून बसतो, हुकलं म्हणून. आर्डिथ अंधार पडेपर्यंत शोधत राहिली. "टेकाडामागचं मी बघतो," असं म्हणून हार्लन गेला आणि हात हलवत परत आला. "काही नाही तिकडं. हुकली."

दुसऱ्या सकाळी त्याच टेकाडामागून हार्लननं आठ टोकांचा नर ओढत आणला. आत्ता मारलाय म्हणाला. पाय तर रात्रभर पडून असल्यासारखे, लाकडासारखे ताठ झालेले! आर्डिथनं बापाला बाजूला घेऊन सांगितलं, हे माझं हरीण आहे. हार्लन खो खो हसला. "त्या खेळण्यानं?" बापानं एकदा जावयाकडे पाहिलं, एकदा पोरीकडे, आणि खिशातला चाकू काढला. नेम हुकला की शर्टाचा मागचा सोगा कापायचा आणि नाव लिहून भिंतीला ठोकायचा, हा तिथल्या प्रत्येक कॅम्पचा रिवाज. कापून घेणाराही हसतो त्यात. आर्डिथला हसू आलं नाही.

तेवढंही तिनं सोसलं असतं. पण बापानं तिला परत नेलं नाही. "तुला नाही झेपायचं, आर्डी," एवढंच म्हणाला, आणि शेवटपर्यंत तेच मनात धरून गेला. हरणाचं डोकं हार्लनच्या नावानं कॅम्पच्या शेगडीमागच्या भिंतीवर लागलं. आर्डिथनं ते गिळलं, पण पचवलं नाही. मारायला नेत नाहीत ना, मग फाडीन, असं म्हणून तिनं हे शेड घातलं. दरवर्षी हार्लनचं हरीण आकड्याला लागलं की तिची सुरी सावकाश चालायची. हा माणूस आज ना उद्या हातात सापडणार, याची तिला खात्री होती. चाळीस वर्षं तिनं वाट पाहिली.

या वर्षी हार्लनच्या पोराची, वेडची, बायको मार्नी पहिल्यांदा कॅम्पवर गेली होती. गोड पोरगी. आर्डिथच्या सांगण्यावरून तिनं बारीक गोळीचीच रायफल घेतली होती. दुपारी वेडची पिकअप शेडपुढे थांबली. मागे एक जाडजूड नर, त्याच्या कानाला हार्लनच्या नावाची चिठ्ठी. मार्नी उतरून वळली, तर कोटाखालून शर्टाचा मागचा तुकडा गायब!

"तुझ्या शेजारीच ठोकलाय, आर्डी!" हार्लन गाडीतूनच ओरडला. "खारी मारणाऱ्या बायकांची वेगळी भिंत करावी लागणार आता!"

आर्डिथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती हसली. "कधी झाडलीस गं?" तिनं मार्नीला विचारलं.

"उजाडल्या उजाडल्या, मावशी. लागली असं वाटलं होतं. पण रक्तच नव्हतं कुठं."

"आणि तू रे, हार्लन?"

"मी चांगला कॉफी पिऊन, दहाच्या सुमाराला. टेकाडामागं. मानेत एकच, खल्लास!"

बाप्ये पुढच्या खोलीत शेगडीपाशी सॉसेज खायला गेले आणि आर्डिथनं कातडं उतरवायला घेतलं. मानेत भलंमोठं भोक होतं, पण भोवतीचं मांस कसं स्वच्छ, गुलाबी. रक्ताची गाठ नाही, काळंनिळं काही नाही. मग तिनं खांद्यामागचं कातडं ओढलं. तिथं पेन्सिल जाईल एवढं भोक, आणि चहूबाजूंनी रक्त साकळून मांस काळंठिक्कर. पलीकडच्या फासळ्यांवर, कातड्याखाली, सुरीचं टोक कशाला तरी अडलं. आर्डिथनं ते काढलं. तांब्याची चपटी झालेली बारीक गोळी.

मार्नी बादलीत पाणी घेऊन आत आली. आर्डिथनं मूठ उघडून दाखवली. "ओळखलीस? तुझी आहे."

मार्नीनं बादली खाली ठेवली. "मला माहीत आहे, मावशी. गाडीत चढवतानाच ते भोक दिसलं मला."

"आणि गप्प बसलीस?"

"वेडला माहीत नाही अजून. मी सांगीन त्याला, माझ्या पद्धतीनं. मला सासऱ्यांच्याच घरात राहायचंय हो. रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून कॉफी प्यायची आहे. नाताळ तेवढा जाऊ दे."

"चाळीस नाताळ जाऊ दिलेत मी."

"ते तुमचे, मावशी. हे राहू दे. प्लीज."

आर्डिथनं हात पुसले आणि दारात जाऊन हाक मारली. "हार्लन! इकडं ये. सगळेच या रे."

आले सगळे, तोंडं पुसत. आर्डिथनं मानेकडे बोट केलं. "घाल बोट त्यात."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"घाल की! तुझाच बार ना? बघा रे सगळ्यांनी. जिवंत जनावराला गोळी लागली की मांसात रक्त साकळतं. इथं थेंब आहे का? मढ्याला गोळी घातलीय या शूरवीरानं! आणि हे बघा, खांद्यामागं. हे हरीण उजाडतानाच मेलं होतं." तिनं बारीक गोळी टेबलावर टाकली. टेबल पत्र्याचं होतं, आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"बाबा?" वेड म्हणाला.

"पडलेलं सापडलं मला," हार्लन चाचरला. "कुणाचं ते काय कळणार..."

"कापल्या शर्टाची पोरगी समोर उभी होती, तरी कळलं नाही? आणि चाळीस वर्षांपूर्वी? तेही पडलेलंच सापडलं होतं ना? बोल की! आता का जीभ टाळ्याला चिकटली?"

हार्लननं सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. कुणी नजर देईना. "हो," तो शेवटी म्हणाला. "तुझंच होतं ते. झालं समाधान?"

झालं. का नाही होणार? आर्डिथला चाळीस वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. हार्लन मान खाली घालून शेडबाहेर पडला, वेड त्याच्यामागे ओरडत गेला. बाकीचे बिअर अर्धी टाकून सटकले. अंधार पडायच्या आत ही बातमी खोऱ्यातल्या प्रत्येक घरात पोचणार होती. आर्डिथ शीळ घालत मांस कापायला लागली. पांढऱ्या कागदात पुडे बांधले आणि प्रत्येकावर हार्लनच्या जागी मोठ्या अक्षरात 'मार्नी' लिहिलं.

"घे, पोरी. तुझं तुला."

मार्नी भिंतीपाशी तशीच उभी होती. तिनं हात पुढे केला नाही. "मी राहू दे म्हणाले होते ना?"

"अगं, चोरलं होतं त्यानं तुझं हरीण!"

"चोरलं. म्हणजे माझं होतं. मग कधी सांगायचं, कुणापुढं सांगायचं, सांगायचं की नाही, ते मी ठरवणार होते. सकाळी त्यांनी घेतलं, दुपारी तुम्ही घेतलंत. मला कुणी विचारलं?"

खोटं कशाला बोला, आर्डिथला पश्चात्ताप झाला नव्हता. हार्लनचं ते उतरलेलं तोंड तिला अजूनही साखरेसारखं लागत होतं. पण जाताना दारात वळून मार्नीनं तिच्याकडे पाहिलं, आणि ती नजर आर्डिथला चांगलीच ठाऊक होती. चाळीस वर्षं ती स्वतः हार्लनकडे तशीच बघत आली होती.