डाव्या डोळ्यामागचा खवला

संग्रहालयात तिला सगळे बरणीताई म्हणत. तळमजल्यावरच्या लांबट खोलीत, स्पिरिटच्या बरण्यांत बुडवून ठेवलेल्या सापांच्या संगतीत तिची उभी हयात गेली होती. साप भिंगाखाली धरायचा, खवले मोजायचे आणि तो कुठल्या जातीचा ते ठरवायचं, हे तिचं काम. जिवंत सापाशी मात्र तिचं कधी जमलं नाही. बागेत साधं गांडूळ वळवळलं तरी ताई खुर्चीवर चढायची.

उंच डोंगरावरून फार पूर्वी आलेल्या एका सापानं तिच्या मनात घर केलं होतं. बरणीतल्या चिठ्ठीवर नाव होतं नेहमीच्या डोंगरी सापाचं, पण याच्या डाव्या डोळ्यामागे एक खवला जास्त होता. उजवीकडे नाही, फक्त डावीकडे. ही जातच वेगळी, असं ती छातीठोकपणे सांगायची आणि बाकीचे हसण्यावारी न्यायचे. विभागाचे साहेब तेवढे हसत नसत. खवले मोजायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. एखाद्या माणसाला सहावं बोट असतं, तसं याचं असेल. एकावरून जात ठरत नाही. तसलाच दुसरा आण, मग बोलू.

आयुष्यभर तिनं दुसऱ्यांनी ओळखलेले साप मोजले होते. एक तरी आपल्या नजरेनं ओळखलेला असावा, एवढीच तिची हौस. त्या डोंगरावर मेंढ्या राखणाऱ्या एका बाईला तिनं निरोपावर निरोप धाडले आणि अखेर तिकडून एक पुडकं आलं. आत साप नव्हता, कात होती. दगडी कुंपणाच्या फटीत सापडलेली, डोक्यासकट अख्खी. कातीवरही खवले जसेच्या तसे उमटतात, त्यामुळे ताई हरखूनच गेली. श्वास रोखून तिनं ती भिंगाखाली ठेवली. जादा खवला होता. पण उजव्या डोळ्यामागे.

तिचं अवसानच गळालं. एकाला डावीकडे, दुसऱ्याला उजवीकडे, म्हणजे ही जातीची खूण कसली? तिनं साहेबांना जाऊन सांगून टाकलं, की माझा दावा मी मागे घेते. 

घरी स्वयंपाक नवऱ्यानं केला होता, म्हणून भांडी तिच्या वाट्याला आली. तिनं सिंकपाशी पडलेले रबरी हातमोजे उचलले. एक चढला. दुसरा काही केल्या चढेना, अंगठा भलतीकडेच.

"अहो, दोन्ही उजवेच कसे आणलेत?" ती करवादली.

"उजवे कुठले? मघाशी घाईत ओढून काढला, तो डावा उलटा झालाय."

ताई तशीच उभी राहिली. साप कात टाकतो ती ओठांपासून मागे सोलत, आतली बाजू बाहेर करत. पुस्तकात तिनं हे वाचलं होतं. पण तिच्या हाती आजवर आले ते बरणीतले अख्खे साप, कात तिनं जन्मात कधी मोजली नव्हती. डोकं उलटं झालं, तर डावं उजवीकडे जाणारच. ती आधी हसली आणि मग ढसाढसा रडली. हातमोज्यापायी बायकोचं डोकं फिरलं, अशी नवऱ्याची खात्रीच पटली.

सकाळी तिनं कात पाण्यात भिजवून मऊ केली, डोक्याचा भाग चिमट्यानं हळूहळू सुलटा केला आणि साहेबांना बोलावलं. त्यांनी भिंगाला डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही.

"डावाच," ते म्हणाले. "दोन झाले. नवी जात म्हणून पाठव छापायला. आणि बरणीत नवी चिठ्ठी टाक."

आतली चिठ्ठी त्यांच्याच तरुणपणच्या अक्षरातली होती. ताईला ते पहिल्यापासून ठाऊक होतं, पण तिनं कधी चकार शब्द काढला नव्हता. तिनं ती काढायला चिमटा आत घातला, तेव्हा साहेबांनी तिचा हात धरला. संग्रहालयात चुकलेली चिठ्ठीसुद्धा काढत नाहीत, नवी तिच्या शेजारी सोडतात. हे काय ताईला माहीत नव्हतं? पण साहेबांची चूक तिथे कायमची राहावी, हे तिला बघवेना.

"राहू दे," साहेब म्हणाले. "पुढे बरणी उघडणाऱ्याला कळू दे, माझ्यानंतर कुणीतरी नीट पाहिलं."

ताईनं पेन्सिलीला टोक केलं. पहिल्या चिठ्ठीवरचं अक्षर डोळ्यांतल्या पाण्यामुळे वाकडंतिकडं आलं. दुसरी नीट जमली, आणि साहेबांनी बरणी धरली तेव्हा तिनं ती आत सोडली.