कवातरी येणारी चक्कर

मी चौथीपर्यंत शिकलो. इंग्रजी माझ्या वाट्याला आली ती पोरीच्या दहावीत. पिंगळीच्या आमच्या घरात ओट्यावर बसून ती मोठ्यानं पाठ करायची आणि तिची आई भाकरी थापता थापता आतून विचारायची. एकदा तिला क्वचित घडणाऱ्या गोष्टींचे शब्द होते. एक नाही, चांगले पाच-सहा.

"सेल्डम म्हंजे?"

"लय कमी वेळा. आबा हसतात तसं."

"आन् माझं माहेरी जाणं?"

"रेअरली. त्याच्याहून कमी."

"मटन?"

"ऑकेजनली. सणावाराला."

"आन् तुझ्या बापानं मला लुगडं आणणं?"

"हार्डली एव्हर. म्हंजे जवळजवळ कधीच न्हाई."

"जवळजवळ कशाला? सरळ कधीच न्हाई म्हण की!" आणि ती हसली. मी म्हणालो, आपल्याकडं एका 'कवातरी'त सगळं भागतं, इंग्रजांना एवढे शब्द कशाला लागतात? बायको म्हणाली, "त्यांना येळ लय असंल."

तिला फिट यायच्या. घरात आम्ही चक्कर म्हणायचो. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. हातपाय ताठ, तोंडाला फेस. शेजारीण पळत यायची, कांदा फोडून नाकाला लावायची. शुद्धीवर आली की ही उठून परत कामाला. असलं दुखणं आमच्याकडं बोलून दाखवत नाहीत. पोर लग्नाची झाल्यावर तर नाहीच. आईला फिट, तर लेकीला येणार, असं लोक धरून चालतात. चुडाव्याचं एक स्थळ आलं होतं. पोरगा मास्तर. त्यांनी पोर पसंत केली होती, फक्त सुपारी फुटायची राहिली होती.

त्याच दिवसांत बायको चुलीपुढं पडली आणि हात भाजला. मग मात्र परभणीला नेणं भाग पडलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलींपायी एसटीचा भरवसा नव्हता, आज चालू तर उद्या बंद. आम्ही तिघं रेल्वेनं गेलो. डॉक्टर परमुलखातला होता, मराठी येत नव्हती, म्हणून पोरीला सोबत घेतलं. दवाखान्यात शिरलो. तिथला कंपाउंडर चुडाव्याचा. मला ओळखून त्यानं रामराम घातला आणि तिथंच उभा राहिला, जायचं नावच घेईना.

डॉक्टरनं हात बघितला. चक्कर येऊन चुलीपुढं पडली, एवढं पोरीनं सांगितलं, मग त्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं.

पोर म्हणाली, "आबा, चक्कर किती येळा येती इचारायलेत."

"कवातरी म्हण."

"त्याला लय शब्द हायत. कोणता सांगू?"

"सगळ्यात कमी वेळाचा असंल तो."

पोरीनं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. आई भिंतीकडं बघत होती. पोर म्हणाली, "हार्डली एव्हर, सर." डॉक्टरनं लिहून घेतलं. हाताला मलम दिलं, ताकदीच्या गोळ्या दिल्या. पोरीकडून निरोप सांगितला, एवढ्या कमी वेळा येत असेल तर रोजचं औषध आत्ताच नको, वाढली तर घेऊन या. पाण्याजवळ, विस्तवाजवळ एकटीनं जाऊ नये, असं काही तो बोलला नाही. कशाला बोलेल?

परतीच्या गाडीत बायको म्हणाली, "बापलेकीनं मिळून माझी चक्कर बरी केली की. पोरे, लय शिकलीस." पोरीला हसू आलं नाही. मला आलं. सुटलो, असं वाटलं होतं.

दोन महिन्यांत बायको कालव्याच्या पाटावर गेली. धुणं घेऊन, एकटी. पाणी गुडघ्याएवढं. त्यात पालथी पडलेली सापडली.

हवालदार पंचनाम्याला आला. विचारलं, फिट येत होत्या का? मी आधी गप्प राहिलो. ती पुढं झाकून ठेवलेली असताना मी गप्प राहिलो, हे लिहायची लाज वाटते, पण लिहितो. शेजारीणच बोलली, "आठ दिसाला दोनदा-तीनदा. मीच कांदा हुंगवायची की." मग मी मान हलवली. दवाखान्यात खरं सांगितलं असतं तर तिला औषध मिळालं असतं. हवालदाराला सांगून काय मिळणार होतं?

चुडाव्याची माणसं मातीला आली होती. पोराचा बाप माझ्याजवळ येऊन बसला. मी म्हणालो, "तुमच्यापसून लपवलं, पाव्हणं. सुपारी मोडायची तर मोडा."

त्यानं तंबाखू मळायची थांबवली. "आमाला पहिल्यापसून ठाव व्हतं. फिट काय लपती व्हय? सगळं गाव सांगायलंय. पोर चांगली हाय म्हून आमी गप बसलो. तुमाला कामून दुखवायचं?"

पोर तिथंच होती, आईच्या पायाशी बसलेली. तिनं ऐकलं.

वर्षाच्या आत लग्न उरकलं. पोर सुखात आहे. माझ्याशी बोलते, येते, जाते, कधी वाकडा शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. पण अजून मी काही विचारलं, जेवलीस का, बरी आहेस का, तर ती लगेच बोलत नाही. आधी माझ्या तोंडाकडं बघते, मला कोणतं उत्तर पाहिजे ते.