आधी मोठा तुकडा

कोट शिवणाऱ्या त्या कारखान्यात कटिंग मास्तरांची एक खोड सगळ्यांना पाठ होती. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरले, की पुठ्ठ्याचे साचे मांडताना ते आधी पाठीचा साचा ठेवत. मग पुढचे भाग, मग बाह्या. कॉलर आणि खिशांची झाकणं अगदी शेवटी, उरलेल्या फटींत. एखाद्या नवख्याने आधी कॉलर उचलली, की मास्तरांचा पारा चढलाच. "लहान काय, कुठेही मावतं! मोठ्याला जागा कोण देणार, तुझा मामा?" असं खेकसायचे, आणि पाच मिनिटांनी त्यालाच चहा पाजायचे.

एके दिवशी मालकीणबाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "मास्तर, नवा हॉल घेतलाय. तिथली दोन्ही टेबलं आणि दहा माणसं तुमच्या हाताखाली देते. पण वेळ सकाळी आठ ते रात्री आठ. आठवडाभर करून बघा आणि शनिवारी सांगा."

मास्तर बाहेर आले ते तरंगतच. या जागेची त्यांनी बारा वर्षं वाट पाहिली होती.

घोडं अडलं ते घरी. घरी चार वर्षांची लेक होती. जन्मली तेव्हा डोळे गोल गोल, म्हणून तिचं नाव बटण पडलं ते पडलंच. आजवर मास्तर पाचला घरी यायचे आणि आठला झोपेपर्यंत बटण त्यांच्या पाठीला चिकटून कारखान्याच्या गोष्टी ऐकत असायची. बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, तिला यायला सात वाजायचे. मास्तर येईपर्यंत पोरीला सांभाळायला खालच्या मजल्यावरच्या काकू होत्याच.

"जागा सोडू नकोस," बायको म्हणाली. "पण पोरीचं हे वय परत येणार नाही, तेही विसरू नकोस."

"म्हणजे नक्की काय करू?"

"ते तूच ठरव," म्हणत तिने डबा हातात दिला. असा सल्ला मिळाल्यावर माणसाचं डोकं भणभणेल नाही तर काय?

सोमवार, मंगळवार, बुधवार. निघताना बटण झोपलेली आणि आल्यावरही झोपलेली. गुरुवारी मात्र ती लवकर उठली. मास्तर बूट घालायला बसले तर ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर त्यांनीच आणून दिलेल्या चिंध्या मांडत होती.

"काय बेततेस गं?"

"घर. हा मोठ्ठा तुकडा काकूचा. हा आईचा. ही मी."

"आणि मी?"

कोपऱ्यातल्या फटीत अंगठ्याएवढी चिंधी खोचलेली होती. बटणने बोट ठेवलं. "हा तू."

"एवढासा?"

"तू मावतोस ना तिथे," ती म्हणाली आणि पुढच्या तुकड्याला लागली.

रागावली असती तर समजूत तरी घातली असती. पण ती रागावलीच नव्हती. मास्तरांना बुटाची नाडी बांधता येईना.

त्याच संध्याकाळी सात वाजता, एका हॉटेलच्या वेटरांचे कोट कापताना, ते घडलं. बाहीचा साचा एकदा सरळ आणि एकदा पालथा ठेवतात, म्हणजे डावी-उजवी जोडी निघते. मास्तरांनी तो दोन्ही वेळा सरळच ठेवला आणि साठ थर कापून मोकळे झाले. शुक्रवारी सकाळी शिवणकामातली सगळ्यांत जुनी बाई कापलेला गठ्ठा छातीशी धरून हजर.

"मास्तर, एकशेवीस बाह्या, आणि सगळ्या डाव्या! दोन डावे हात असलेले वेटर कुठून आणायचे आता?"

सगळा हॉल खो-खो हसला. कापड एका बाजूने चमकदार, त्यामुळे बाही उलटवून चालणार नव्हती. पुढच्या थानातून सगळ्या उजव्या कापल्या की निस्तरणार होतं, नुकसान काही नव्हतं. मास्तरही हसले, पण आतून हलले. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हातात बाहीचा साचा होता आणि डोक्यात ती अंगठ्याएवढी चिंधी. मोठा तुकडा फटीत कोंबून बसलोय, हे त्यांना कळून चुकलं.

शनिवारी ते केबिनमध्ये गेले ते खाकी कागद घेऊनच. टेबलावर तो उलगडला. दिवसाचे तास ओळीने आखलेले होते आणि चारपासून आठपर्यंत खडूचा एक मोठा चौकोन.

"हे काय?"

"ही माझी लेक. तिला आधी ठेवलंय. सकाळी ती झोपलेली असते, म्हणून सात ते चार तुमचे. दोन्ही टेबलांचं काम त्यात बसवतो."

"आणि नाही बसलं तर?"

"तर जागा दुसऱ्याला द्या. मी माझ्या जुन्या टेबलावर खूश आहे." बोलताना बारा वर्षांची वाट त्यांनी पणाला लावली होती.

मालकीणबाईंनी खडूच्या चौकोनावर बोट ठेवलं. "तीनशे कोट. बुधवारी चारच्या आत. बघूच."

सोमवारी सातच्या ठोक्याला मास्तरांनी कंबर कसली. एका टेबलावर थर अंथरायचे, तेवढ्यात दुसऱ्यावर कापायचं, टेबल क्षणभर रिकामं ठेवायचं नाही. जे साचे आजवर कुणाला हात लावू देत नसत, ते मांडायला दोघांना शिकवलं. ओरडून ओरडून घसा बसला. बुधवारी चारला वीस मिनिटं कमी असताना शेवटचा थर कापून झाला. जुन्या बाईने गठ्ठा सोडला आणि मोठ्याने वाचायला लागली, "डावी, उजवी, डावी, उजवी..." हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला.

"बसलं हो, मास्तर," मालकीणबाई म्हणाल्या. "जागाही तुमची आणि वेळही तुमचीच."

मास्तर त्या दिवशी घरी चालत गेले नाहीत, पळत गेले. बटणने दारातच विचारलं, "आज एवढ्या लवकर? कारखाना बंद पडला?"

महिन्याभराने एका रविवारी तिने पुन्हा वर्तमानपत्र पसरलं. अंगठ्याएवढी चिंधी उचलली आणि डब्यात परत टाकली. "बाबा, तू आता यात मावत नाहीस." मग मास्तरांनी मालकीणबाईंना सांगून घरी आणलेली, त्या गठ्ठ्यातली एक डावी बाही काढून तिने ती मधोमध पसरली, अख्ख्या पानभर.

"अगं, आणि मी कुठे?" आई म्हणाली. "काकू कुठे?"

"तुम्ही लहान," बटण खेकसली. "लहान काय, कुठेही मावतं!"